पंक्चर आणि तुमची दुपारची झोप

अण्णा, तुमची पक्कड काल पुन्हा कामाला आली. माझ्या लग्नात तुम्ही दिलेली, लाल मुठीची. सासरच्या बायकांनी आधी साड्या पाहिल्या, मग भांडी, आणि शेवटी ती पक्कड उचलून, "हे काय?" असं विचारलं. तुम्ही वर्गात शिकवायच्या आवाजात म्हणालात, "असू द्या घरात. लागतीय." मी लाजेने अर्धी झाले होते. आता सांगते, त्यातल्या निम्म्या साड्या कधीच फाटल्या, पक्कड आहे.

तुमची नात लातूरला क्लासला असते, रिपीटरच्या बॅचला. रविवारी निलंग्याला घरी आली होती. दुपारी परत निघताना पाहते तर मोटारसायकलच्या मागच्या चाकात खिळा, आणि कोपऱ्यावरचं पंक्चरचं दुकान बंद. तुमच्या गाडीला ट्यूब होती, खिळा लागला की चाक बसलंच. आता ट्यूब नसते, टायरच हवा धरून ठेवतो. खिळा आत असेपर्यंत तोच बुचासारखा भोक बुजवून बसतो आणि हवा हळूहळू जाते. हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतं, "मग काढायचाच कशाला?" मीही पोरीला तेच विचारलं होतं. ती हसली, म्हणाली, "आई, त्याच्यावर लातूर गाठू का?"

गाडी मधल्या स्टँडवर घेतली, चाक हाताने फिरवून पाहिलं. खिळा मधोमध, नक्षीत होता, म्हणून हात घातला. टायरच्या बाजूला असता तर नसता घातला, तिथलं भोक बुजवून भागत नाही, टायरच बदलावा लागतो. गाडीतल्या पंक्चर किटचं सगळं सामान फडक्यावर मांडून घेतलं आणि मगच तुमच्या पक्कडीने खिळा उपसला. तो कसा तिरका गेलाय ते आधी पाहून ठेवलं होतं, तसाच टोचा घालून भोक आतून खरवडलं. मग चिकट पट्टी सुईत ओवून आत दाबली, सुई झटक्यात ओढून घेतली, बाहेरची टोकं कापली. पंपाने हवा भरली, मोजली. वर साबणाचं पाणी ओतून आम्ही दोघी उकिडव्या बसलो. एक बुडबुडा आला नाही. "झालं ना? निघू?" पोरगी म्हणाली. आणि माझ्या तोंडून हो निघेना. पट्टी मीच घातलेली, पाणी मीच ओतलेलं, तरी समोर सगळा लातूरचा रस्ता दिसत होता, उसाचे ट्रक दिसत होते, आणि त्यात ती एक पट्टी.

तेव्हा तुमच्या पट्ट्या आठवल्या. भूकंपात आपलं घर उभं राहिलं, पण मधल्या खोलीच्या भिंतीला वरपासून भेग गेली होती. आपण अंगणात ताडपत्रीखाली राहत होतो. तपासणीचे साहेब येऊन भिंत ठोकून गेले, चालतंय म्हणाले. तुमचं समाधान झालं नाही. आईकडून खळ करून घेऊन तुम्ही भेगेवर जुन्या उत्तरपत्रिकांच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या. भेग वाढली तर कागद फाटेल. मी एकदा बोट लावलं तर केवढ्यांदा ओरडलात, "हात नको लावूस! भिंतीला विचारायलोय, तिला सांगू दे." पट्ट्या शाबूत राहिल्या. आई म्हणाली, आता चला आत. तरी तुम्ही आम्हाला आत घेईनात. शाळेतून येता, चटई उचलता, बरोबर त्या भिंतीखाली अंथरता, आणि एकटेच दुपारची झोप काढता. आई दाराशी डाळ निवडत बसते, हात सुपात आणि कान आत. थोड्या वेळाने तुमचं घोरणं अंगणापर्यंत येतं. "घोरायलेत," आई मला सांगते, "मंजी हाय सगळं ठीक." असे कितीतरी दिवस. त्या घोरण्याच्या भरवशावर आम्ही घरात गेलो, अण्णा. पट्ट्यांच्या नाही.

पोरीला म्हटलं, थांब, आधी मी एक चक्कर मारून येते. औराद रोडला लागले, हळूच. प्रत्येक खड्ड्याला मागचं चाक ऐकत होते. परत फिरून गल्लीच्या तोंडाशी आले तर पोरगी फाटकात उभी, नजर चाकावर नाही, माझ्या चेहऱ्यावर. आणि मी मोठ्याने गाणं म्हणायला लागले. ती हसली. "लई मजेत आलीस!" म्हणाली. हवा पुन्हा मोजली, तेवढीच होती. औशाला थांबून बघ, लातूरला पोचलीस की आतून पॅच मारून घे, असं बजावून मी तिला जाऊ दिलं. पोचल्याचा फोन आला तेव्हा मी ओट्याला टेकून उभी होते.

रात्री भांडी आवरताना एकदम लक्षात आलं की त्या चटईवरची झोप सोडली तर मी तुम्हाला कधीच घोरताना ऐकलेलं नाही. ना त्याआधी, ना नंतर, ना दवाखान्यात. आईला हे माहीत होतं का, तेवढं विचारायला आता तीही नाही.

हे कुणाला सांगणार, आणि पत्र तरी कुठे टाकणार. पोरीलाही सांगितलेलं नाही. फक्त तुम्हाला म्हणून सांगते, मी गात होते त्या गाण्याचा एकही शब्द मला येत नव्हता.