गवताखालची जमीन

१८ फेब्रुवारी
आज तीन महिने. लडाखच्या रस्त्याच्या कामावर दरड आली, विलास मशीनसकट त्याखाली गेले. मशीन मिळाली, माणूस नाई. ओला चिखल होता, दोन रातीत गोठला. आता पहार मारली तं ठिणगी उडते म्हणे. राजू, यांच्यासंगच नागभीडहून गेलेला, बर्फ काढाच्या कामाले तिथंच थांबला आहे. दर फोनवर एकच : "वयनी, जमीन सुटल्याबिगर काई होत नाई."
नवऱ्याचं नाव लिहिलं. वही माझी आहे.

२ मार्च
सासूले पळसाच्या पानांचा माणूस करून मार्कंड्याले नदीवर जाळाचा आहे. देह हाती नाई आला तं आमच्याकडे तसंच करतात. म्हणे, लेकरू अधांतरी लटकून आहे. त्याच दिवशी माझ्या बांगड्या फुटतील, हे कोणी बोलत नाई. मी सांगून टाकलं, जमीन सुटू द्या, माणूस येऊ द्या, मग काय फोडाचं ते फोडा. ती रडली. मीही काई चांगली नाई.
मामाजी, म्हणजे सासरे, जाळं विणत बसले.

१९ मार्च
मामाजीले समजतच नाई. "ऊन लागलं तं जमीन कडक होते ना व?" आमचं तळं आटलं का तसंच होते, भेगा पडतात. समजावलं, तिथली उलटी आहे. उन्हानं वरची टीचभर पघळते, रातीले पुन्हा गोठते. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी खाली. असं करत करत जून.
"म्हणजे बर्फावानीच," म्हणाले. हो म्हटलं. मग बराच वेळ हातातली सुई तशीच.

१६ एप्रिल
इथं डांबर पघळून राह्यलं. राजूचा फोन. रस्त्याकडेची जमीन हातभर सुटली, पाय रुततात. "आपली जागाबी सुटन." आपली जागा! जसा काई प्लॉट घेतला.
फोन ठेवला आन भांडी आपटली.

९ मे
राजू : "वयनी, अजब आहे. आजूबाजूले कमरेएवढं खणलं, आपली जागा तेवढी दगड. मशीनचे दात घसरतात. बाकी तुमच्या मामाजीनं सांगतल्यापासून गवताले हात नाई लावला, कडेकडेनंच पाह्यलं."
कोणतं गवत?
मग उलगडलं. मामाजींनी त्याले फेब्रुवारीतच परस्पर सांगितलेलं, त्या जागेवर सुकं गवत टाक, वरून बोरे, रिकामी पोती, पोराले थंडी लागत असन.
अरे देवा. मामाजी! ज्या माणसानं जनम सारा मासळीचा बर्फ धानाच्या कोंड्यात दाबून बाजारात नेला, भर मे महिन्यात! त्याले माहीत नाई झाकल्यानं काय होते?

१० मे
विचारलंच. चिडून. "भुलून केलं का जाणून?"
दातानं दोरा तोडला. "पहिले भुललो होतो. तू उलट्या जमिनीचं सांगतलं, तवा ध्यानात आलं."
"मग काढाले काऊन नाई सांगतलं?"
"निंघाला तं मंग मेलाच ना व, बाई."
म्हातारा हमसून रडला. राग धरून ठेवाचा होता मले, नाई जमलं.

१२ मे
सकाळी राजूचा फोन. मशीन तिथं आणखी चारच दिवस आहे, मग पुढं जाते. "गवत काढू का वयनी? अशा उन्हात दोन-तीन रोजात मशीनचे दात लागाजोगी सुटन."
सासूनं पळसाची पानं आणून ठेवली आहेत, अंगणात सुकून राह्यलीत. मामाजी दारात उभे, माझ्या तोंडाकडे पाहत. सहा महिने मीच बोंबलत होती, जमीन सुटू द्या, जमीन सुटू द्या.
म्हटलं, "राहू दे. आजचा दिस राहू दे."
काऊन, ते त्यानं विचारलं नाई. उद्या पुन्हा फोन करतो म्हणाला.