रोवेनाचं नाव का वगळलं

३ जून
आशियाई स्पर्धेचा डायव्हिंग संघ जाहीर झाला. त्यात रोवेना नाही! पेपरात एवढंच — "क्रीडा मानसशास्त्रज्ञांच्या अहवालानुसार मानसिकदृष्ट्या सज्ज नाही." म्हणजे फैरुझचा अहवाल. मी निवृत्त झाले आणि हा माझ्या खुर्चीत बसला, त्याला वर्षही झालं नाही. बंद दाराआड खेळाडू जे बोलतो ते निवड समितीच्या टेबलावर जात नाही. एकतीस वर्षं मी हे पाळलं.

४ जून
फैरुझला फोन. "आँटी, मला यावर बोलता येणार नाही. गुप्ततेचा प्रश्न आहे."
गुप्तता — आता आठवली! म्हटलं, "पेपरवाल्यांना कळलेलं चालतं, मला कळलेलं चालत नाही?"
"आँटी, चिडू नका. बीपी आहे तुम्हाला."
कॉन्व्हेंटमध्ये असल्या उत्तराला सिस्टर बर्नडेट तासभर कोपऱ्यात उभं करायच्या.

५ जून
झोपच नाही. कुचिंगहून आली तेव्हा ही पोरगी तेरा वर्षांची होती. चार वर्षांपूर्वी उडी मारताना हवेतच तिचा अंदाज गेला; वर कुठे, खाली कुठे, कळेना. पाठीवर पडली. दहा मीटरवरून पडल्यावर पाणी फरशीसारखं लागतं. त्यानंतर पायऱ्या चढायची, कडेला उभी राहायची, रडत उतरायची. "आँटी, बस झालं आता," किती वेळा म्हणाली असेल. प्रत्येक वेळी मी तिला परत वर नेलं. आधी तीन मीटर, मग पाच, मग साडेसात. खाली उभी राहून तिच्याबरोबर श्वास मोजायचे. गेल्या वर्षी तिनं कांस्यपदक आणलं. आणि हे म्हणतात सज्ज नाही.
संघटनेला दोन पानी पत्र लिहिलं. 'गाढव' हा शब्द खोडला. मग पुन्हा घातला.

६ जून
उत्तर नाही.

७ जून
तलावावर गेले. कोच लियांग म्हणाले, "आँटी, सांभाळून, फरशी ओली आहे."
"फरशीचं सोडा. तुमच्या खेळाडूला संघातून काढलं आणि तुम्ही गप्प?"
ते टॉवेल पिळत म्हणाले, "मी भांडलो. तिनंच मला थांबवलं."
"कोणी?"
"तिलाच विचारा ना."
विचारायचं काय? घाबरवलं असणार पोरीला. उद्या घरी बोलावलंय.

८ जून
रोवेना आली. कुचिंगचा थरांचा केक घेऊन. म्हणाली, "आँटी, फैरुझला शिव्या देऊ नका. अहवाल दे असं मीच त्याला सांगितलं. लेखी दिलं. मला आता उडी मारायची नाही."
मी म्हटलं, "हे बघ, यादी बदलायला अजून आठ दिवस आहेत. उद्या फक्त तीन मीटरवर जाऊ, मी खाली उभी राहीन —"
तिनं माझा हात धरला. "म्हणूनच तुम्हाला सांगितलं नाही."