समुद्राकडची नववी खळगी

अण्णा, आज सकाळपासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तर लिहूनच बोलते. मुरुडच्या अलीकडे मुंबईच्या साहेबलोकांनी क्लब काढला, तुम्हाला ओव्हरसियर नेमलं, आणि गोल्फच्या नऊ खळग्यांपैकी शेवटची, समुद्राकडची, तुम्हीच आखा असं मोठा साहेब म्हणाला, तेव्हा मी सासरहून, तळा गावाहून, बाळंतपणाला माहेरी आलेली. अगंबाई, काय तो तुमचा उत्साह! जेवता जेवता भाताची टेकडी करायचात, शेजारी बोटाने खळगा पाडून त्यात आमटी ओतायचात. "हा वाळूचा खड्डा. चेंडू इथे अडकला की साहेब मेलाच समज!" आई करवादायची, "आधी जेवा, अन्नाशी खेळ नको." पण तुम्ही खेळणार तरी कुठे? सभासदाखेरीज कुणी मैदानावर काठी उचलायची नाही, हा क्लबचा नियमच. आखायचं तुम्ही आणि खेळायचं त्यांनी! मला भारी राग यायचा. तुम्हाला मात्र एकच ध्यास, ती खळगी साहेबांनी पसंत करायला हवी.

खाऱ्या वाऱ्यात तिथली हिरवळ काही जीव धरेना. शेवटी तुम्ही कोळणींना बोलावून खळगीभोवतीची जागा खळ्यासारखी चोपून शेणाने सारवून घेतलीत. चेंडू काय सुरेख घरंगळायचा! आणि साहेब येणार त्याच सकाळी आपण जाऊन बघतो तर काय, सगळ्या सारवणावर जवळा वाळत घातलेला! तुमचा पारा चढलेला. "अगं बायांनो, हे काय केलंत?" त्यांच्यातली म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणते, "आमी सारवलंय नं, मंग पयलं वालवन आमचंच!" तुम्ही कपाळाला हात लावता. साहेब येतात, नाकाला रुमाल लावतात आणि ती खळगी मैदानातून काढूनच टाकतात. आठ पुरेत, म्हणाले. तुमचं तोंड एवढंसं झालं.

आणि मग अण्णा, तुम्ही ताडकन उभे राहिलात! "पोरी, ही आता क्लबची नाही. मग मला कोण अडवतो?" ऊन उतरल्यावर धोतराचा काचा मारून, मोडक्या काठीला सुतळी गुंडाळून तुम्ही हजर. कोळणींनी जवळा बाजूला ओढला. चेंडू कधी वाळूत, कधी माडाच्या आळ्यात, आणि त्या ओरडतायत, "मारा, वरशेर, मारा!" ओव्हरसियरचं त्यांनी वरशेर केलेलं. हसून हसून माझं पोट दुखतंय, आत बाळ लाथा मारतंय. शेवटी चेंडू पडला एकदाचा, आणि तुम्ही अशी आरोळी ठोकलीत की होडीवरच्यांनीही माना वळवल्या. इतके खूश तुम्ही माझ्या लग्नातसुद्धा नव्हता.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात, "एक दिवस साहेबाला ती खळगी आवडणारच." मी वरवर "हो ना" म्हणायचे, आणि मनात म्हणायचे, देवा, कधीच आवडू नये.