निळ्या बर्फाचा पुंजाराम

औरंगाबाद, ७ जून १९९८

चि. सौ. कालिंदीस मधुसूदनचे अनेक आशीर्वाद.

सिॲटलला लेकाकडे पोचल्याचा तुझा फोन आला, पण फोनवर तू नुसती इकडची हवा विचारलीस. जूनमधली औरंगाबादची हवा तुला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

डॉक्टरांनी माझा हृदयाचा आलेख बघून विमानाला नाही म्हटलं, त्याचं आता वाईट वाटत नाही. पासपोर्ट तेवढा वाया गेला. तुझी वहिनी म्हणते, त्यातला फोटो बघून तसंही कुणी आत घेतलं नसतं. तेव्हा माझ्या वाटणीचं तू बघून ये. बत्तीस वर्षं मी भूगोल शिकवला. समुद्र एकदाच पाहिला, मुंबईला. हिमनदी आणि देवमासा फक्त फळ्यावर, माझ्याच खडूनं काढलेले. स्वतः उर्दूत शिकलो आणि पोलीस ॲक्शननंतर मराठीत शिकवलं. मध्ये काय काय सांडलं असेल कुणास ठाऊक. एवढ्या पोरांच्या डोक्यात जे भरलं ते खरं होतं का, हे एकदा कळावं असं फार वाटतं. बोटीवरून दिसेल ते लिही. माझं चुकलं असेल ते आधी लिही. फोटो नकोत, अनंतरावांच्या फोटोत त्यांचा अंगठाच मोठा असतो.

आणि हो, आपल्या पुंजारामच्या चित्रातल्यासारखी निळी हिमनदी दिसली तर तार कर! चौसष्ट साली आठवीच्या वर्गात चितेगावच्या त्या पोरानं हिमनदी निळीगर्द रंगवली होती. चित्र कोरं ठेवायचं नाही हा माझा नियम, पण शहाणी पोरं नुसती करडी छटा द्यायची. मी त्याची वही वर्गाला दाखवली, पोरं पोट धरून हसली. घरात कुणी अचाट काही बोललं की आपण अजून त्याला ‘निळ्या बर्फाचा पुंजाराम’ म्हणतो.

लोणचं पुरतंय का, असं वहिनीनं विचारलंय. माया आहेच, पत्रानं ती ताजी ठेव.

तुझा दादा

---

जूनो, अलास्का, ३० जून १९९८

ती. दादास कालिंदीचा सा. न. वि. वि.

बोट आज जूनो गावाला लागली आहे, इथूनच पत्र टाकते. बोट कसली, पुंडलिकनगरची आमची अख्खी गल्ली उभी करून पाण्यात सोडलीय. पहिल्या दिवशी हे खोलीबाहेर आलेच नाहीत. म्हणाले, बोट हलते. मी म्हटलं, समुद्रात आहे, हलणारच. आता म्हणतात, पुढच्या वेळी नाथसागरावरचे रोहित पक्षी बघू, तिथं जमीन तरी जागेवर असते.

परवा सकाळी कठड्याशी उभी होते. आधी आवाज आला, स्टेशनात इंजिन वाफ सोडतं तसा, आणि मग फवारा. काळीभोर ओली पाठ वर आली, मागून अख्खं शेपूट. त्यावरून पाणी निथळत होतं. मग ते धूड असं अलगद आत गेलं, की साधा डुबुक आवाज नाही. तू फळ्यावर देवमाशाला कारंजं काढायचास ना? ते पाणी नसतं रे, त्याचा श्वास असतो. तेवढं दुरुस्त कर. पण देवमासा हा मासा नव्हे, हे तुझं अगदी खरं. पिलू आईला खेटून पोहत होतं.

पाणमांजरं इथं पाण्यावर उताणी पडतात आणि पोटावर ठेवून शिंपले फोडतात, दुपारी हे आरामखुर्चीत शेंगा फोडतात तशी. गरुड घारीसारखे दिव्याच्या खांबावर बसतात. डोकं पांढरंशुभ्र, चोच पिवळी, पाय पिवळे.

काल बोट हिमनदीसमोर दोन तास थांबली. कडा तुटून पडताना आधी दिसतो, आवाज मागून येतो, दौलताबादची तोफ उडावी तसा. सगळे गप्प झाले. कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेटची घंटा वाजली की आम्ही चाळीस मुली अशाच गप्प व्हायचो. हिमनदी तू सांगायचास तशीच आहे, मोठी, थंड आणि हळू.

वहिनीला नमस्कार. लोणचं संपत आलंय, लोभ मात्र संपू देऊ नका.

कालिंदी

---

औरंगाबाद, १५ जुलै १९९८

चि. सौ. कालिंदीस अनेक आशीर्वाद.

श्वासाची दुरुस्ती मान्य. वहीत लिहून ठेवली.

गरुडाच्या पायांचा रंग लिहिलास, देवमाशाच्या पाठीचा लिहिलास. हिमनदीसमोर दोन तास थांबलीस आणि रंग लिहायचा विसरलीस? लहानपणी काकांची दौत फोडलीस तेव्हाही सगळ्या खोलीचं वर्णन केलं होतंस, दौत सोडून. खरं काय ते लिही. माझं हृदय विमानाला नको म्हणालं आहे, पत्राला नाही.

वाट बघतो.

दादा

---

सिॲटल, २९ जुलै १९९८

ती. दादास सा. न. वि. वि.

बोटीतून उतरल्यावर धनंजयनं आम्हाला अलास्कातच मोटारीनं दहा दिवस फिरवलं. रस्त्यात मूस नावाचं जनावर पिलाला घेऊन उभं राहिलं, सांबरासारखं, पण घोड्याहून उंच. मागं वीस गाड्या थांबल्या आणि एकानं हॉर्न वाजवला नाही. आपल्या गुलमंडीत म्हैस बसली की काय गोंधळ असतो! एका उतारावर अस्वल रानातली फळं ओरबाडत होतं, शाळेच्या सहलीत आपण करवंदं खायचो तसं, पाल्यासकट. तिथला मोठा पर्वत दोन दिवस ढगात होता. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता मान वर केली तर तो समोर उभा. ह्यांचा चहा सदऱ्यावर सांडला.

बघ, मी पुन्हा खोलीचंच वर्णन करतेय.

दादा, हिमनदी निळी असते. किंचित नाही, चांगली निळी. वहिनीच्या हातून तुझ्या धोतराला नीळ जास्त होते ना, तशी. वरचा बर्फ पांढरा असतो, पण नवा कडा तुटला की आतून निळाच निघतो. बोटीवर माहिती सांगणाऱ्या बाई होत्या, त्यांनी सांगितलं, शेकडो वर्षं दाबून दाबून बर्फातली हवा निघून जाते, मग उजेडातले बाकी रंग तो गिळतो आणि निळा तेवढा बाहेर सोडतो.

मी कठडा धरून उभी होते आणि त्या पोराला आठवून मला माझीच लाज वाटत होती. मीही तीस वर्षं हसलेच की. तुला लिहिलं नाही ते तुझ्या हृदयाला जपून. पण तू नेमका तिथंच बोट ठेवलंस.

औषध वेळेवर घे. रागावलास तरी चालेल, अबोला नको.

कालिंदी

---

औरंगाबाद, १७ ऑगस्ट १९९८

चि. सौ. कालिंदीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोन दिवस मी जेवता जेवता अर्ध्यावर उठलो, म्हणून तुझ्या वहिनीला वाटलं छातीत दुखतंय. तिसऱ्या दिवशी तिला सांगितलं आणि चितेगावची एसटी धरली.

पुंजाराम सापडायला वेळ लागला नाही. पैठण रस्त्यावर त्याची रोपवाटिका आहे, केसर आंब्याची कलमं करतो. मला बघताच ओळखलं, पाया पडला, खुर्ची आणायला धावला. मी बसलो नाही. चार गडीमाणसांदेखत सांगितलं, की चौसष्ट साली तुझी हिमनदी बरोबर होती आणि मी चुकलो होतो. त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, सर, लई उशीर केला तुम्ही. मग हसायलाच लागला. म्हणाला, मला कुठं ठावं होतं! बोर्डिंगात माझ्याजवळ एकच पेन्सिल होती, निळी. चित्र कोरं ठेवलं की तुम्ही उठबशा काढायला लावायचात, म्हणून होती तिनंच रंगवलं.

मी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंस? तर म्हणाला, सांगणार कवा? सगळा वर्ग हसत व्हता, तुम्ही बी हसत व्हता. त्याच्यानंतर मी वर्गात कधी हात वर केला नाय.

हे तो अगदी साधेपणानं बोलला, कालिंदी. हातानं एका कलमाला सुतळी बांधत होता.

तुझं पत्र मी त्याला पहिल्यापासून वाचून दाखवलं, मूस आणि अस्वलासकट. अनंतरावांचा चहा सांडला तिथं तो फार हसला. त्याची धाकटी लेक आठवीत आहे, तिला तोच धडा आहे. तिच्या वहीत हिमनदी काढा म्हणाला. घरात बारा रंगांची पेटी होती, त्यात नेमकी निळी नव्हती. पुंजाराम स्वतः शेजाऱ्यांकडे जाऊन मागून घेऊन आला. मी रंगवली, पार गर्द. पोरगी माझ्याकडं बघून म्हणाली, बर्फ कुठं निळा असतो का, आजोबा?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुंजारामनं हात वर केला.

मी म्हटलं, सांग.

तू आलीस की तुला घेऊन यायचं मी त्याला कबूल केलंय. तुमच्यासाठी त्यानं दोन कलमं बाजूला ठेवली आहेत. तोवर लोभ ठेव, आणि दौत फुटली की दौतीबद्दलच लिहीत जा.

तुझा दादा