पेरूची पट्टी

मूर्तिजापूर, सोमवार, १२ जानेवारी १९५९

आज तपासणी. साहेबांनी पहिलीतल्या सुमीपुढे चित्राची पट्टी धरली, खाली अक्षरे ‘पेरू’. ती म्हणाली, “जांब!” आमच्याकडे जांबच म्हणतात.

“गुरुजी, ही चित्र बघते, वाचत नाही. पहिलीतच ठेवा.”

मी चित्र तळहाताने झाकले. सुमीने अक्षरे लावली. “पे... रू. पेरू. म्हंजे काय जी, गुरुजी?”

साहेब हसले. “जाऊ द्या दुसरीत.”

तेव्हापासून ती पट्टी डोळ्यांपुढून हलत नाही. आमच्या गावच्या शाळेत मीही धुळीत ‘पेरू’ गिरवला होता. विचारायचे धाडस कुठले? पुस्तकातला शब्द, पुण्याकडे असे काही देवाला वाहत असतील, असे मानून मनोमन हात जोडायचो.

बसायचो मात्र जांबाच्याच झाडाखाली. देवा, तोंडात फोडही त्याचीच असायची.