सगळे मेल्यानंतरचा डाव

नॉरफोक, ४ जानेवारी १९८७

प्रिय सिग्नेताई हिला लाइलचा सा. न. वि. वि.

जहाजावर सुखरूप पोचलो. मावशीनं बांधून दिलेल्या लेफ्सा, त्या बटाट्याच्या पोळ्या, वाटेत शिकागोलाच संपल्या. तिला मात्र सांग की जहाजावरच्या पोरांनी मिटक्या मारत खाल्ल्या.

आता मुद्द्याचं. ताई, नाताळात तू आम्हां चौघांना त्या राक्षसांच्या गुहेत मारलंस. बाबांचा बुटबैंगण ग्रुम, माझा चोर फिंच, मावशीची तिरंदाज, मेले तर मेले. खेळच तो, तू गोष्ट सांगणार, आम्ही आपापल्या माणसाची चाल सांगणार आणि फासा पडेल तसं होणार. पण सुनिव्हा? ती आईची वैदीण होती गं. आई गेल्यावर आपण तिला सोडलं नाही, प्रत्येक डावात बरोबर घेऊन हिंडलो. आई गेली त्या जानेवारीत मी समुद्रात होतो. गोठलेली जमीन वसंतात वितळल्यावर तुम्ही तिला पुरलंत, तेव्हाही मला रजा मिळाली नाही. मी आईचं काहीच पाहिलं नाही. माझ्यापुरती ती त्या टेबलापाशीच होती.

तुझ्या एका शब्दाचं काम आहे. म्हण की देवांना दया आली, म्हण की ते स्वप्न होतं, काहीही म्हण. पण तिला उठव. नाहीतर मला पुढं खेळायचं नाही.

राग आहे, पण माया त्याहून जास्त आहे. तुझीही तशीच असू दे.

तुझा,
लाइल

*

वेस्टबी, विस्कॉन्सिन, १२ जानेवारी

चि. लाइल यास ताईचे अ. उ. आ.

म्हणे मी मारलं! अरे शहाण्या, जरा आठव. तुम्ही तिघं आडवे पडलात, सुनिव्हा उभी होती, आणि तुम्हाला उठवायचा मंत्र तिच्याकडे शिल्लक होता. मी विचारलं, सुनिव्हा काय करते? तू म्हणालास, बाबांनी सांगावं. बाबा म्हणाले, बहीण तिची, मावशीनं सांगावं. मावशी म्हणाली, छे छे, लाइल पाहुणा आलाय, मान त्याचा. तू पुन्हा म्हणालास, नको नको, बाबाच. आणि तेवढ्यात अंडी उकडायच्या घड्याळातली वाळू संपली. वाळू संपली की चाल गेली, हा नियम आईचाच, बाबा फार वेळ घेतात म्हणून तिनं केलेला. आपल्या घरात ताटातला शेवटचा तुकडा वाळून जातो पण कुणी उचलत नाही, तिथं आईची चाल कोण उचलणार! राक्षसांनी नाही, तुम्हाला सभ्यपणानं मारलं.

बोलून घेतलं, आता बरं वाटतंय. पण खरं सांगू? त्या संध्याकाळी भांडी घासताना मी खूप रडले. मलाही ती परत हवी आहे. बाबांनी खेळाचा डबा फडताळात वर ठेवून दिलाय. रविवारी चर्चमधून आलो की जेवतात, टेबल स्वच्छ पुसतात आणि तिथंच बसून राहतात. मग गोठ्यात जातात. काम काही नसतं तिथं त्या वेळी.

मी तिला उठवेन. पण बाबांना विचारल्याशिवाय नाही. तिथं नीट जेवत जा.

रागावलास तरी पत्र धाडत जा, एवढंच मागणं.

तुझी ताई,
सिग्ने

*

वेस्टबी, २० जानेवारी

चि. लाइल यास बाबांचे आशीर्वाद.

मला पत्रं लिहायची सवय नाही, ते खातं तुझ्या आईकडे होतं. गायी बऱ्या आहेत. गोठ्यातला नळ गोठलाय.

सिग्नेनं विचारलं, सुनिव्हाला उठवू का. मी नको म्हणालो. तुला राग येईल, येऊ दे. अरे, ती उठली तर आपण तिला पुन्हा मुकीच फिरवणार. तिच्या तोंडून बोलायची तुमची छाती झाली नाही, माझीही नाही. कंदील धरून मागं मागं चालणारी ती बाई म्हणजे तुझी आई? अख्ख्या संसारात तिनं मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही! ते मुकं सोंग बघताना माझ्या जिवाला काय होत होतं, माझं मला माहीत. आठवण येते, रोज येते. पण ती त्या सोंगात नव्हती, पोरा.

खेळ मात्र थांबवायचा नाही. चार माणसं गुहेत मरून पडली आहेत, त्यांना तसं टाकून देत नाहीत. वरच्या गावातले लोक खाली उतरतील आणि त्यांना घेऊन येतील. मी एक म्हातारा सुतार घेतलाय. मावशीनं घेतली आहे पाद्र्याची बायको, आणि ती आत्ताच सगळ्यांना दटावते आहे. तुझाही एक माणूस पाठव. शवपेटी उचलायला तरणे खांदे हवेत, आम्हां दोघांच्या कंबरेचं तुला ठाऊकच आहे.

थंडीत डोकं झाकत जा.

तुझा,
बाबा

*

नॉरफोक, २९ जानेवारी

ती. बाबांस लाइलचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून तुमच्यावर चिडलो. मग ते अर्धवट वाक्यांचं आठवलं आणि जेवणघरात एकटाच हसत सुटलो. शेजारचा थाळी घेऊन लांब जाऊन बसला.

माझा माणूस ईवार. गावाच्या कबरी खणतो. बोलत फार नाही, पण अंगात बळ आहे. त्याचे फासे तुम्ही टाका, बोलणंही तुम्हीच बोला. एकच अट. सुनिव्हाला ईवार स्वतः उचलून वर आणेल, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

बाबा, आईला पुरलं त्या दिवशी काय काय झालं, ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, धीरच झाला नाही. ईवारनं खड्डे पुष्कळ खणले आहेत, पण घरचं माणूस त्यात कधी ठेवलेलं नाही. कुठं उभं राहायचं, काय म्हणायचं, त्याला काही माहीत नाही. त्याला जरा सांभाळून घ्या.

मावशीला व ताईला नमस्कार. पाठीवर हात असू द्यावा.

आपला,
लाइल

*

वेस्टबी, ८ फेब्रुवारी

चि. लाइल यास ताईचे अ. उ. आ.

आज जेवणानंतर बाबांनी स्वतः डबा खाली काढला. मावशी कॉफीचं भांडं भरूनच बसली.

तुमची माणसं गुहेत उतरली. एक राक्षस वाटेत आडवा झाला, तर मावशीच्या पाद्रीणबाईंनी त्याला पायांच्या चिखलावरून असं झापलं, आणि वर फासाही असा पडला, की तो बापडा बाजूला सरला. बाबा हसता हसता खुर्चीतून पडायचे राहिले. मग ते चौघं सापडले. मी सांगून गेले की सुनिव्हाचा हात फिंचच्या खांद्यावर होता. तसं सांगायचं मी ठरवलं नव्हतं, तोंडून निघून गेलं.

ईवारनं तिला उचललं. कुणी हात लावला नाही. बाबा तुझं बोलणं बोलत होते, अगदीच वाईट बोलत होते, पण बोलत होते. वर जमीन दगडासारखी होती. फासा पुन्हा पुन्हा हुकला, तरी ईवार खणत राहिला, आणि शेवटी खड्डा झाला. ग्रुम, फिंच आणि तिरंदाज यांना ठेवलं. मग मी म्हटलं, आता सुनिव्हा.

बाबांनी फासे मुठीत धरले आणि म्हणाले, नाही. ईवार इथं नाही. मावशी म्हणाली, असं काय करता, खड्डा त्यानंच तर खणला. बाबा म्हणाले, खणायला माझा हात चालला, निरोप द्यायला त्याचाच हवा. माझ्या आर्लिसच्या वेळी जमीन वितळली, तारीख ठरली, पोराला रजा नव्हती. थांबणं आपल्या हातात नव्हतं. इथं तर गोष्ट आपली आहे. एवढं बोलून ते रडले, लाइल. आम्हां दोघींच्या देखत, तोंड न लपवता. आईला पुरलं त्या दिवशीचं सगळं तुला तेच सांगणार आहेत, शेजारी बसून.

तेव्हा ऐक. त्या गावचं ऊनपाणी माझ्या हातात आहे आणि मी सांगितलंय की तू येईपर्यंत तिथली थंडी सरणार नाही. टेबल आवरलेलं नाही, आम्ही ओट्यापाशी जेवतो. सुनिव्हाला खड्ड्याच्या काठाशी ठेवलंय, अंगावर ईवारचा कोट आहे. तुला रजा जूनमध्ये मिळो की पुढच्या नाताळात, या वेळी तुझ्यावाचून कुणी माती लोटणार नाही.

वाट पाहणारी,
सिग्नेताई