डाव्या भुवईतली दांडी

४ फेब्रुवारी, संध्याकाळी
दुकानात आज एक जुने ग्राहक आले. नऊ वर्षं चष्मा आमच्याकडूनच घेतात. प्रत्येक वेळी कानामागची काडी मीच वाकवून दिली आहे. त्यांनी मलाच विचारलं, आधी इथे एक गृहस्थ असायचे, ते सोडून गेले का?
मी ‘हो’ म्हणालो. वाद घालायला अंगात त्राण नव्हतं.

५ फेब्रुवारी
मालक नवी शाखा काढताहेत. तिथे प्रमुख नेमायचा आहे. ज्येष्ठतेनुसार माझाच नंबर. अडचण एकच, माझा चेहरा लोकांच्या लक्षात राहत नाही. मध्यंतरी मिशी ठेवून पाहिली होती. काढली तेव्हा कळलं, ती होती हेच कुणाला माहीत नव्हतं.

८ फेब्रुवारी
निर्णय पक्का. डाव्या भुवईत छेद करून बारीक दांडी घालायची. स्टीलची, दोन्ही टोकांना मणी. वय सत्तेचाळीस हा मुद्दा गौण. बायकोला सांगितलेलं नाही. तिला आनंदाचा धक्का देणार.
लेकीचं प्रकरण जरा नाजूक. सोळा वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिने हेच मागितलं होतं, भुवईसुद्धा हीच. मी नाही म्हणालो. थोडं समजावूनही सांगितलं, चाळीसेक मिनिटं. तेव्हापासून ती माझ्याशी मोजकंच बोलते. पण तिचा प्रश्न वयाचा होता. माझं वय झालेलं आहे.

१० फेब्रुवारी, दुपारी ३.४०
झालं एकदाचं. छेद करणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर सात मणी मोजले, पुढे मोजणं असभ्य वाटलं. हातमोजे, नवी सुई, सगळं चोख. सही घेताना त्यांनी विचारलं, कुणासाठी करताय? म्हटलं, स्वतःसाठी. म्हणाल्या, सगळे असंच म्हणतात.
अजिबात दुखलं नाही. खुर्चीचा हात निखळला, पण तो आधीपासूनच सैल असावा.
सूचना: दिवसातून दोनदा कोमट मिठाच्या पाण्याने शेकायचं. हात लावायचा नाही. दांडी फिरवायची नाही. दुसरं काही चोपडायचं नाही. सोपं आहे. शिस्त माझ्या रक्तातच आहे.

त्याच दिवशी, ६ वाजता
बायकोने दार उघडलं आणि विचारलं, कशावर आपटलास? सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, नळ दुरुस्त करणाऱ्याला फोन केलास का? ही संमतीच समजायची.
लेकीने पाहिलं, खोलीत गेली, दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

११ फेब्रुवारी
दुकानात चांगला परिणाम. मालक म्हणाले, भुवईला काहीतरी चिकटलंय तुमच्या. म्हणजे नजर तिथे गेली. डोळे तपासणाऱ्या मॅडम काही बोलल्या नाहीत. मत्सर. त्यांनाही नव्या शाखेत जायचं आहे. नोकरीला लागून दोनच वर्षं झाली आहेत. नाव ग्राहकांना पाठ, एवढंच.

१३ फेब्रुवारी
हात लावलेला नाही. फक्त खात्री करायला लावला. चार-पाच वेळा. एकदा फिरवून पाहिली, कारण न फिरवता ती फिरते की नाही हे कळणार कसं?

१४ फेब्रुवारी
दुकानात मिठाचं पाणी न्यायला विसरलो. काउंटरवर चष्म्याच्या काचा पुसायचा स्प्रे होता. काच स्वच्छ होते, तर कातडी का होऊ नये?

१४ फेब्रुवारी, पुन्हा
का होऊ नये ते कळलं.
घरी आलो तेव्हा डोळा अर्धाच उघडत होता. बाथरूममध्ये आफ्टरशेव्ह लावून बघत होतो, तेवढ्यात लेक दारात आली. म्हणाली, बाबा, तू वेडा आहेस का? चार महिन्यांतलं तिचं सर्वांत मोठं वाक्य. मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, पाणी उकळलं, मीठ मोजून घातलं, निववलं, कापूस भिजवून भुवईवर धरला. तिला सगळं माहीत आहे. गेल्या वर्षीच वाचून ठेवलं होतं म्हणाली.
उद्यापासून स्वतःचं स्वतः करणार. मुलांवर भार टाकणं मला पसंत नाही.

१५ फेब्रुवारी
तिनेच केलं. सकाळी सात, संध्याकाळी सात. प्रत्येक वेळी आठ मिनिटं. माझा हात थरथरतो म्हणते. थरथरत नाही, पण तिला बरं वाटत असेल तर असो.

१८ फेब्रुवारी
डोळे मिटून बसावं लागतं, त्यामुळे तिचं बोलणं ऐकण्यावाचून इलाज नाही. भूगोलाच्या सरांना शिंक आली की अख्खा वर्ग मोजतो. विक्रम अकराचा. जिवलग मैत्रीण आता दुसऱ्या बाकावर बसते. का, तर माहीत नाही. मी तोडगा सुचवला. ती म्हणाली, तोडगा नकोय, बाबा. मग काय हवंय? तिने कापूस बदलला.

२० फेब्रुवारी
किरकोळ प्रकार. एका आजींना दूरजवळचा चष्मा बसवून देत होतो. काडी नीट बसली का पाहायला वाकलो आणि दांडीचा मणी त्यांच्या लोकरीच्या शालीत अडकला. चार मिनिटं माझं कपाळ त्यांच्या खांद्यावर. आजी म्हणाल्या, सावकाश होऊ दे, आमचे हे गेल्यापासून खांद्यावर कुणी डोकं ठेवलेलं नाही. शेवटी मॅडमनी कात्रीने धागा कापला. मालक बघत होते.
जमेची बाजू: त्या आजी मला विसरणार नाहीत.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.३०
कापूस धरताना लेक म्हणाली, तू तेव्हा चाळीस मिनिटं बोललास, पण मला हे का हवंय ते एकदाही विचारलं नाहीस. म्हटलं, मग आता सांग. तिने कापूस पुन्हा भिजवला आणि म्हणाली, वर्गाचा फोटो आला होता. खाली सगळ्यांची नावं होती. माझं नव्हतं. चूक कुणाच्या लक्षातही आली नाही. मीच जाऊन सांगितलं, तर बाई म्हणाल्या, अगं, तू याच वर्गात का?
माझ्याकडे यावर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. बोललो नाही. पाणी डोळ्यात गेलं होतं. मीठ फार झोंबतं.

२५ फेब्रुवारी
आज तिला सांगायचं ठरवलं होतं, दुकानात काय होतं ते, आणि मी हे कशासाठी केलं ते. पण बाप म्हणून थोडं वजन राखावं लागतं. उद्या सांगेन.

२६ फेब्रुवारी
पाहुणे आले.

२७ फेब्रुवारी
कंटाळा.

२ मार्च
नवी शाखा मॅडमकडे. मालकांनी मला बाजूला घेऊन समजावलं. म्हणाले, तुम्ही इथेच बरे, इथे तुमच्यावाचून पान हलत नाही. ऐकून बरं वाटलं. नंतर त्यांनी मला मॅडमसाठी खोकी बांधायला सांगितली. बांधली. सतरा झाली.
बायकोला सांगितलं. तिने ताटात थोडं जास्त वाढलं. एरवी मी जास्त खात नाही.

६ मार्च
भुवई लाल. दांडी पहिल्यापेक्षा वर आली आहे, कातडीखालून सगळी दिसते. मला यात प्रगती वाटली होती. लेक म्हणाली, ही प्रगती नाही, बाबा. शनिवारी छेद करणाऱ्या बाईंकडे जाऊ, मीही येते.

९ मार्च, शनिवार
दोघं गेलो. बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, अंग धरत नाहीये, बाहेर ढकलतंय. कुणाकुणाचं असं होतं. काढावी लागेल. अर्ध्या मिनिटात काढली. मग लेकीकडे वळून विचारलं, तुला करायचंय का? मी मध्ये बोलणार होतो, नक्की काय ते ठरलेलं नव्हतं. त्याआधी तीच म्हणाली, नको, आता नको.
येताना बसमध्ये शेजारी बसलो. ती खिडकीतून बघत होती. आजच सांगून टाकावं असं वाटलं. पण बसमध्ये अशा गोष्टी बोलत नाहीत.

१० मार्च, संध्याकाळी
सातला पाणी उकळलं, मीठ घातलं, स्टुलावर जाऊन बसलो. तिला हाक मारली. ती आली, भुवई पाहिली आणि म्हणाली, अरे, सुकलंय की. आता काही करायची गरज नाही. मी म्हणालो, खबरदारी म्हणून, पंधरा दिवस तरी. ती म्हणाली, नाही, आता उगाच ओलं करू नकोस. आणि निघाली.
म्हणालो, थांब. थांबली. म्हणालो, पुढच्या रविवारी दुकानात ये, तुझे डोळे तपासू, बरेच दिवस तपासले नाहीत.
ती म्हणाली, बाबा, मला नीट दिसतं.